पिवळ्या कॅप्सूलमधलं तेल : प्रस्तावना

इव्हनिंग प्रिमरोजची कॅप्सूल टाचणीनं टोचून दाबली की तळहातावर फिकट पिवळ्या तेलाचा थेंब येतो. तेल ताजं असेल तर वास जवळजवळ नसतो. जुनं झालं असेल तर खवटपणा आधी नाकाला कळतो. 500 मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये गॅमा-लिनोलेनिक आम्ल असतं 40 ते 50 मिलिग्रॅम. उरलेल्यातलं बहुतेक लिनोलेइक आम्ल, म्हणजे आपल्या करडईच्या तेलात असतं तेच.

मेडिकलच्या काउंटरमागे मी 27 वर्षं उभी राहिले. या कॅप्सूलची चिठ्ठी घेऊन येणाऱ्या बहुतेक बायकाच. पाळीच्या आधी आठ-आठ दिवस छाती ठणकते, ब्लाउजचा स्पर्शही सोसवत नाही. गाठ तर नसेल ना, या धास्तीनं त्या डॉक्टरांकडे गेलेल्या असतात. गाठ नाही म्हटल्यावर जीव भांड्यात पडतो, पण दुखणं राहतंच आणि त्यासाठी ही चिठ्ठी मिळते. कुणी पन्नाशीतली, अंगातून वाफा निघून रात्रीची झोप उडालेली. कुणी तरुण आई, कडेवरच्या बाळाच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत इसब चिघळलेला. प्रश्न सगळ्यांचा एकच: "यानं थांबेल ना?" डॉक्टरांनी दिलंय, घेऊन बघा, एवढंच मी सांगत आले. ते उत्तर मला कायम अपुरं वाटत राहिलं. पुढे वाचायला लागले, आणि ते वाचन वाढत जाऊन हे पुस्तक झालं.

वाचताना लवकरच लक्षात आलं की इथे दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. काही मेदाम्लं अन्नातून मिळाली नाहीत तर माणूस खरोखर आजारी पडतो, याबद्दल आज कुठल्याही शास्त्रज्ञाच्या मनात शंका नाही. आणि ज्या तक्रारींसाठी ही कॅप्सूल सर्वांत जास्त खपली, त्या तक्रारींवर ती साध्या तेलाच्या कॅप्सूलपेक्षा जास्त काही करते असं नीट केलेल्या चाचण्यांत दिसलेलं नाही. पहिल्या सत्याच्या पुण्याईवर दुसरीकडची विक्री कशी उभी राहिली, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द आहे, ‘आवश्यक’.

रोजच्या बोलण्यात आवश्यक म्हणजे गरजेचं. गरजेचं आहे तर थोडं जास्त घेतलेलं बरं, हे आपण मनात आपोआप जोडून टाकतो. जीवरसायनशास्त्रात या शब्दाचा अर्थ फार काटेकोर आहे: शरीराला लागतं, पण शरीर स्वतः बनवू शकत नाही, म्हणून अन्नातून यावंच लागतं. कोलेस्टेरॉल शरीराला पदोपदी लागतं, तरी ते या अर्थानं आवश्यक नाही, कारण यकृत ते तयार करतं. आवश्यक मेदाम्लं मुळात दोनच. ओमेगा-6 कुळातलं लिनोलेइक आणि ओमेगा-3 कुळातलं अल्फा-लिनोलेनिक. कॅप्सूलमधलं गॅमा-लिनोलेनिक आम्ल या यादीत नाही. लिनोलेइकपासून ते शरीर स्वतःच बनवतं. पाकिटांवर आणि जाहिरातींत हा भेद पुसट होतो, म्हणून तो इथे आधीच सांगून ठेवते.

हा शब्द आला अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातून. 1920 च्या दशकात चरबी म्हणजे निव्वळ इंधन, असा समज होता. जीवनसत्त्वांची सोय केली, तर चरबीची बाकी गरज शरीर साखरेपासून भागवून घेईल असं मानत. जॉर्ज बर आणि त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड बर यांनी उंदरांना चरबीचा लवलेशही नसलेला आहार दिला. काही महिन्यांत त्यांच्या शेपट्यांवर खवले धरले, शेपटीची टोकं सडू लागली, मूत्रपिंडं बिघडली, वाढ खुंटली, पिल्लं होईनात. ते उंदीर पाणीही फार पीत होते आणि लघवी मात्र त्या मानानं वाढलेली नव्हती. पाणी कातडीतून उडून जात होतं. त्वचेचा सर्वांत वरचा थर पाणी धरून ठेवतो, त्या थराच्या बांधणीत लिनोलेइक आम्ल लागतं, हे कळायला पुढे कितीतरी वर्षं गेली. आहारात लिनोलेइक आम्ल मिसळलं की उंदीर सुधारत. 1929 आणि 1930 च्या दोन निबंधांत बर दांपत्यानं हे मांडलं आणि ‘आवश्यक मेदाम्लं’ हा शब्दप्रयोग रूढ झाला.

माणसाचं काय? 1938 मध्ये विल्यम ब्राउन या बर यांच्या सहकाऱ्यानं स्वतःवरच प्रयोग केला. सहा महिने जवळजवळ चरबीविना जेवण. त्वचा चांगली राहिली, वजन थोडं उतरलं, वर त्याची जुनी अर्धशिशी थांबली. मोठ्या माणसाला या मेदाम्लांची गरज नसावी असा अर्थ त्यातून निघाला, आणि तो चुकीचा होता. प्रौढ माणसाच्या अंगावरच्या चरबीत लिनोलेइकचा मोठा साठा असतो, तो सहा महिन्यांत आटत नाही. तान्ह्या बाळाकडे असा साठा नसतो. आरिल्ड हॅन्सन यांनी टेक्सासमध्ये बाळांना निरनिराळी दुधं देऊन पाहिलं, तेव्हा लिनोलेइक कमी असलेल्या दुधावरच्या बाळांची कातडी कोरडी आणि जाड होत गेली. 1963 मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि माणसाबद्दलचा वाद बहुतांशी मिटला.

ओमेगा-3 ची गोष्ट त्याहून उशिराची. सहा वर्षांची एक मुलगी बंदुकीच्या गोळीनं जखमी झाली आणि तिच्या आतड्याचा मोठा भाग काढावा लागला. तिचं सगळं पोषण शिरेतून सुरू होतं आणि त्यातलं तेल होतं करडईचं. करडईत लिनोलेइक भरपूर, अल्फा-लिनोलेनिक जवळजवळ नाही. पाचेक महिन्यांनी तिच्या हातापायांना बधिरपणा येऊ लागला, पाय दुखू लागले, चालता येईना, दिसायला अंधूक झालं. तेल बदलून सोयाबीनचं दिलं, आणि 12 आठवड्यांत त्या तक्रारी गेल्या. राल्फ होलमन आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये ही नोंद प्रसिद्ध केली. सोलापूर-मराठवाड्याकडे करडईचं तेल पिढ्यानपिढ्या घाण्यावर निघत आलं आहे. तिथल्या एखाद्या घरात हे वाचून कुणी घाबरू नये. त्या मुलीच्या पोटात भाजी, डाळ, दाणे, काहीच जात नव्हतं, आणि आपण निव्वळ तेलावर जगत नाही. मला या नोंदीत महत्त्वाचं वाटतं ते हे की एका कुळाचं मेदाम्ल दुसऱ्या कुळाची जागा घेऊ शकत नाही.

आता थोडं रसायन. मी ते शेतातल्या पाटाच्या रूपात डोळ्यांपुढे आणते. लिनोलेइक आम्ल हे विहिरीचं पाणी. पाटात पहिलंच एक अरुंद दार आहे, डेल्टा-6-डिसॅच्युरेज नावाचं विकर. त्यातून पुढे गेलेलं पाणी म्हणजे गॅमा-लिनोलेनिक. पुढे त्याचं डायहोमो-गॅमा-लिनोलेनिक होतं, आणि तिथे पाट फुटतो. एक फाटा प्रोस्टाग्लँडिन ई-1 कडे जातो, दुसरा अ‍ॅराकिडॉनिक आम्लाकडे आणि तिथून दाह वाढवणाऱ्या कितीतरी द्रव्यांकडे. प्रोस्टाग्लँडिन हे नाव 1935 मध्ये स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी दिलं. ही द्रव्यं आवश्यक मेदाम्लांपासूनच बनतात, हे 1964 मध्ये सिद्ध झालं. 1982 चं नोबेल पारितोषिक सुने बर्गस्ट्रोम, बेंग्ट सॅम्युएल्सन आणि जॉन व्हेन यांना याच क्षेत्रातल्या कामासाठी मिळालं. चरबी इंधनाच्या कोठारातून निघाली आणि निरोप्याच्या कामावर रुजू झाली. त्या काळातल्या संशोधकांचा उत्साह समजून घेतला नाही, तर पुढचं काहीच नीट समजत नाही.

याच उत्साहात एका रानटी फुलझाडाला भाव आला. इव्हनिंग प्रिमरोज मूळचं उत्तर अमेरिकेतलं, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात पोचलेलं. तिथे त्याची मुळं भाजी म्हणून खात. इंग्लंडमध्ये भाचीच्या घरामागे, रेल्वेच्या कुंपणालगत ते आपोआप उगवलेलं मी पाहिलं. दिवस कलला की फिकट पिवळ्या पाकळ्या आधी थरथरतात, मग बघता बघता मिनिटभरात कळी उलगडते. आपली गुलबक्षीही संध्याकाळी फुलते, पण तिचं उमलणं असं डोळ्यांदेखत दिसत नाही. शेंगेतलं बी कांद्याच्या बियांसारखं काळपट आणि कोनदार, आकारानं त्याहून बारीक. 1919 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांना या बियांच्या तेलात एक अनोळखी मेदाम्ल सापडलं, तेच गॅमा-लिनोलेनिक. याच झाडाच्या एका भाईबंदानं त्याआधी ह्यूगो द व्हरीस या डच वनस्पतिशास्त्रज्ञाला उत्परिवर्तनाचा सिद्धान्त सुचवला होता. त्यातला बराच भाग पुढे त्या झाडाच्या गुणसूत्रांच्या विलक्षण रचनेचा परिणाम ठरला. या कुळातल्या झाडांवर मोठे सिद्धान्त उभे राहण्याचा हा पहिला प्रसंग होता.

दुसरा प्रसंग डेव्हिड हॉरोबिन यांचा. हे ब्रिटिश संशोधक विलक्षण बुद्धीचे, वादग्रस्त कल्पनांना जागा देणारं ‘मेडिकल हायपॉथिसिस’ हे नियतकालिक 1975 मध्ये सुरू करणारे. त्यांचं म्हणणं ऐकायला फार पटण्यासारखं होतं. इसब असलेल्या माणसांत डेल्टा-6 चं दार मंद चालत असेल, तर दाराच्या पलीकडे थेट पाणी सोडावं. गॅमा-लिनोलेनिक बाहेरून द्यावं, आणि ते या झाडाच्या तेलात आयतं आहे. अशा रुग्णांच्या रक्तात लिनोलेइक पुरेसं पण पुढची मेदाम्लं कमी, असं त्यांच्या गटाला आढळलंही होतं. 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिस्टलच्या डॉक्टरांची चाचणी आली: इसबात फायदा. 1985 मध्ये मिनेसोटातल्या जोएल बॅमफर्ड यांची आली: फायदा नाही. तरीही ब्रिटनमध्ये हे तेल इसबासाठी आणि स्तनांच्या दुखण्यासाठी परवानाधारक औषध झालं आणि डॉक्टर ते चिठ्ठीवर लिहू लागले. 2002 मध्ये, पुरेसा परिणाम सिद्ध होत नाही म्हणून, ब्रिटिश नियामकांनी ते परवाने काढून घेतले. पुढच्या वर्षी हॉरोबिन वारले. त्यांच्यावरचा मृत्युलेख इतका कडवट होता की त्यावरून ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. मी या माणसाला भोंदू मानत नाही. त्यांनी एक चांगला प्रश्न विचारला, आणि उत्तर येण्याआधी उत्तरावर विश्वास ठेवला. या पुस्तकातलं त्यांच्यावरचं प्रकरण मी तीनदा नव्यानं लिहिलं आहे.

या क्षेत्रात गाण्यासारखी घराणी आहेत. मिनेसोटाचं घराणं अभावाचं: काय काढून घेतलं की काय बिघडतं, हे बघणारं. स्वीडनचं निरोप्या द्रव्यांचं. त्याच मिनेसोटात अ‍ॅन्सेल कीज यांच्यापासून हृदयरोगाचं आणखी एक घराणं निघालं. तूप-लोण्याऐवजी लिनोलेइकची तेलं वापरा, कोलेस्टेरॉल उतरेल, हृदय वाचेल, असं त्याचं सांगणं. कोलेस्टेरॉल उतरलं. पण 1968 ते 1973 मध्ये 9,423 माणसांवर झालेल्या मिनेसोटातल्याच प्रयोगाची जुनी कागदपत्रं 2016 मध्ये पुन्हा तपासली, तेव्हा त्यात मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. माशांच्या तेलाचं घराणं 1970 मध्ये ग्रीनलंडला गेलेल्या बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांचं. त्याची कथा स्वतंत्र पुस्तकाएवढी आहे. इथे इतकंच सांगते की 2018 मध्ये जाहीर झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीत 25,871 निरोगी माणसांत रोज 1 ग्रॅम माशाच्या तेलानं हृदयरोगाच्या मुख्य घटना कमी झाल्या नाहीत.

सर्वांत शेवटी आलेलं घराणं मोजणाऱ्यांचं, आणि माझा कल कुठे आहे हे वाचकानं आधीच ओळखलं असेल. 2013 मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात इसबावरच्या 27 चाचण्या आणि 1,596 रुग्ण एकत्र मांडले गेले. इव्हनिंग प्रिमरोजचं किंवा गॅमा-लिनोलेनिक असलेलंच दुसरं, बोरेजचं, तेल नकली कॅप्सूलपेक्षा सरस ठरलं नाही. वाफांसाठी 1994 मध्ये 56 स्त्रियांवर केलेल्या ब्रिटिश चाचणीचंही तसंच. स्तनांच्या दुखण्यावर 2002 ची डच चाचणी आहे, 120 स्त्रिया, सहा महिने. सगळ्याच गटांतलं दुखणं कमी झालं, साधं तेल घेणाऱ्यांचंही. डायबेटीसमुळे नसा बिघडलेल्यांवर 1993 मध्ये एका मोठ्या चाचणीत गॅमा-लिनोलेनिकचा फायदा दिसला होता. ते दार मी बंद मानत नाही, आणि त्यावर पुढे काम व्हायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

तेलाच्या औषधाची परीक्षा घेणं अवघड का, यावर मी मुद्दाम बरीच पानं खर्च केली आहेत. नकली कॅप्सूलमध्ये घालायचं काय? ऑलिव्हचं तेल घातलं तर तेही मेदाम्लच. लिक्विड पॅराफिन घातलं तर त्याचे स्वतःचे परिणाम. 2018 मध्ये माशाच्या तेलातल्या ईपीए या शुद्ध केलेल्या ओमेगा-3 नं हृदयविकाराच्या घटना 25 टक्के कमी झाल्या असं एका चाचणीनं सांगितलं. त्यात नकली औषध खनिज तेल होतं, आणि त्या खनिज तेलानंच समोरच्या गटाचं नुकसान झालं असेल का, यावर अजून वाद आहे. 2020 मध्ये मक्याचं तेल नकली म्हणून वापरून झालेल्या दुसऱ्या चाचणीत, औषधाचा प्रकार थोडा वेगळा होता खरा, पण फायदा दिसला नाही.

मग आपल्या घरात काय? लिनोलेइकची किमान गरज दिवसाच्या उष्मांकांच्या 1 ते 2 टक्के. दोन चहाचे चमचे शेंगदाणा तेलात ती बहुतेक भागते, म्हणजे फोडणीपाशीच प्रश्न सुटतो. ओमेगा-3 कडे मात्र थोडं लक्ष हवं. कोकणात, गोव्यात बांगडा आणि तारली खाणाऱ्यांना ते थेट मिळतं. घाटावर त्याचा जुना आधार जवस. भाजलेले जवस, लसूण, लाल तिखट आणि मीठ, खलबत्त्यात कुटलेलं. कुटणं महत्त्वाचं, अख्खा दाणा पोटातून तसाच निघून जातो. त्याच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक असतं. नव्या क्रिकेट बॅटीला मुलं जवसाचं तेल चोळतात आणि ते काही दिवसांत वाळून कडक होतं, ते या मेदाम्लाच्या दुहेरी बंधांमुळेच. हवेतला प्राणवायू त्यांना भराभर पकडतो. म्हणून जवसाची चटणी महिन्याची करून ठेवू नये, आठवड्यापुरती करावी. शाकाहारी माणसानं हेही जाणून असावं की जवसातल्या मेदाम्लाचा थोडाच भाग शरीर माशातल्या ओमेगा-3 मध्ये बदलू शकतं.

हे पुस्तक आत्ता लिहावंसं वाटलं, कारण काउंटरवरची फळी लांबत चालली आहे. मी दुकान सुरू केलं तेव्हा पूरक कॅप्सूलना एक कप्पा पुरायचा. सोडलं तेव्हा काचेचं आख्खं कपाट त्यांचं होतं, आणि आता त्या चिठ्ठीविनाच फोनवरून घरपोच येतात. सहा-सहा महिने कॅप्सूल घेणाऱ्या बाईचे पैसे जातात हे एक, पण त्याहून मला लागतं ते वेगळंच. छातीच्या दुखण्याबद्दल तिला नीट समजावून सांगणारं कुणी भेटत नाही. तपासणी करून "हा कॅन्सर नाही" हे विश्वासानं सांगितलं आणि मापाची ब्रा वापरायला सांगितली, तर पुष्कळ जणींना तेवढ्यानंच आराम पडतो, हे स्तनरोगांच्या दवाखान्यांतला वर्षानुवर्षांचा अनुभव सांगतो. पाच मिनिटांच्या त्या बोलण्याची जागा कॅप्सूलनं घेतली.

या पुस्तकात आहाराचे तक्ते नाहीत. बाळांच्या मेंदूवाढीचा आणि दुधाच्या डब्यांतल्या डीएचए या ओमेगा-3 चा विषय मी हातात घेतलेला नाही. तो घाईनं उरकण्यासारखा नाही. रसायनाची नावं टाळलेली नाहीत, पण प्रत्येक नावाआधी त्याची प्रयोगशाळा, त्याचे उंदीर किंवा त्याचा रुग्ण येईल असं बघितलं आहे. रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्यांनी, फिट्स येणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी अशी कॅप्सूल आपल्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, एवढं मात्र मी पानोपानी सांगितलं आहे.

चाचण्यांवरच्या प्रकरणाच्या सुरुवातीला एक छायाचित्र आहे. आमच्या एका गिऱ्हाईक ताईंनी, माझ्याच सांगण्यावरून, भिंतीवरच्या कॅलेंडरवर छाती दुखेल त्या दिवशी लाल पेनानं टिंब द्यायला सुरुवात केली होती. सहा महिन्यांची पानं त्यांनी फाडून मला आणून दिली. मार्चमध्ये अकरा टिंबं, एप्रिलमध्ये नऊ, मेमध्ये पाच. कॅप्सूल त्यांनी जूनमध्ये सुरू केली. जूनमध्ये सहा टिंबं, जुलैत चार, ऑगस्टमध्ये पाच. "गोळीनं गुण आला," असं म्हणत त्यांनी ती पानं काउंटरवर पसरली होती. मग आम्ही दोघींनी मिळून मेपासून पुन्हा मोजलं.